पोटात कोपेपोड निघाले, म्हणून ते पिल्लांना 'पसंत' आहेत का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. पुण्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा प्रकल्प चालू आहे. दाभोळच्या खाडीतून मुडदुशी आणि बोय या माशांची १५ ते ८० मिलिमीटर लांबीची पिल्लं आणली आणि पोटं उघडली. सापडलेल्या भक्ष्यात संख्येनं ७० टक्के कोपेपोड (कोळंबीच्या गोतातले बारीक कवचधारी जीव) निघाले. एक तृतीयांश पोटं रिकामी होती, काहींत नुसता लगदा होता. त्याच दिवशी २०० मायक्रॉनच्या जाळीनं प्लँक्टनही (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) घेतलं होतं. आता गाईडना भक्ष्य-पसंतीचं कोष्टक हवं आहे. 'कोपेपोडना पसंती' असं लिहू का, आणि रिकाम्या पोटांचं काय करू, असं तुम्ही विचारलं आहे.

'पसंती' लिहू नका. 'आहारात कोपेपोडचं प्रमाण सर्वाधिक' एवढंच तुमच्या आकड्यांवरून म्हणता येतं. कॅन्टीनमध्ये पोहेच उरले असताना पोहे खाल्ले, तर त्यावरून माणसाची आवड कळत नाही. पसंती हा भागाकार आहे. पोटात काय होतं हा अंश, आणि त्या पिल्लाला त्या वेळी त्या जागी काय मिळू शकत होतं हा छेद. विद्यार्थी अंशावर महिनोन्‌महिने मायक्रोस्कोपखाली डोळे फोडतात आणि छेद मात्र एका दुपारी एका जाळीनं उरकतात. तुमच्या बाबतीतही अडचण छेदाचीच आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

२०० मायक्रॉनच्या जाळीतून कोपेपोडचे नॉप्लिआय, म्हणजे त्यांच्या अगदी लहान अळ्या, जवळजवळ सगळे निसटतात. त्यांची रुंदी बहुधा १०० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. म्हणजे लहान पिल्लांसाठी महत्त्वाचं असलेलं भक्ष्य तुमच्या 'उपलब्ध' यादीत आलंच नाही. यानं निकाल किती फिरतो ते मांडून दाखवतो. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, पण तुमच्या ७० टक्क्यांशी जुळतील असे घेतले आहेत.

समजा पोटात कॅलॅनॉइड (पाण्यात तरंगणारे) कोपेपोड ४० टक्के, हार्पॅक्टिकॉइड (तळाला राहणारे) कोपेपोड ३०, नॉप्लिआय १०, शिंपल्यांच्या अळ्या ५ आणि इतर १५. भक्ष्याची निवड मोजणारा इव्हलेव्हचा निर्देशांक सोपा आहे: पोटातल्या टक्केवारीतून पाण्यातली टक्केवारी वजा करायची आणि त्याला दोन्हींच्या बेरजेनं भागायचं. उत्तर उणे १ ते अधिक १ यांच्या मध्ये येतं. २०० मायक्रॉनच्या जाळीत कॅलॅनॉइड ७० टक्के आणि नॉप्लिआय ४ टक्के दिसले, तर कॅलॅनॉइडचा निर्देशांक उणे ०.२७ आणि नॉप्लिआयचा अधिक ०.४३ येतो. निष्कर्ष निघतो की पिल्लं कॅलॅनॉइड टाळतात आणि नॉप्लिआय शोधून खातात. आता तेच पाणी ६० मायक्रॉनमधून गाळलं आणि त्यात कॅलॅनॉइड २५, नॉप्लिआय ५५ टक्के निघाले असं धरा. पोटातलं काहीही बदललेलं नाही, पण कॅलॅनॉइड अधिक ०.२३ वर गेले आणि नॉप्लिआय उणे ०.६९ वर आले. दोन्हींचं चिन्हच उलटलं. प्रबंधात पहिला निष्कर्ष गेला असता तर ती माशाची नव्हे, जाळीची आवड छापली गेली असती.

तेव्हा पाणी बारीक गाळायला हवं. त्यासाठी महागडी जाळी लागत नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून २० लिटर पाणी बादलीनं घ्यायचं आणि ६० मायक्रॉनच्या चाळणीतून सावकाश ओतायचं. लिटरला दहा-वीस नॉप्लिआय असले तरी मोजायला पुरेसे मिळतात. एका जागी असे पाच नमुने घ्या, कारण प्लँक्टन पाण्यात सारखं पसरलेलं नसतं, पुंजक्यांत असतं. चाळणीसाठी स्क्रीन प्रिंटिंगची पॉलिस्टर जाळी चालते, ती पुण्यात छपाईच्या सामानाच्या दुकानांत मिळते. सेंटिमीटरला १०० धागे आणि धाग्याची जाडी ४० मायक्रॉन अशी मागा. एका धाग्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर १०० मायक्रॉन, त्यातून धाग्याचे ४० गेले की भोक ६० चं उरतं. विणकामात थोडा फरक पडतोच, म्हणून स्टेज मायक्रोमीटर (मायक्रोस्कोपखाली ठेवायची सूक्ष्म मोजपट्टी) लावून भोक स्वतः मोजा आणि मोजलेला आकडाच प्रबंधात द्या. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला ती एपॉक्सीनं ताणून चिकटवली की चाळणी झाली.

एवढ्यानंही मुडदुशीचं काम भागत नाही. मुडदुशी तळाला चरते. तिच्या पिल्लांच्या पोटातले 'कोपेपोड' हे बऱ्याचदा हार्पॅक्टिकॉइड असतात, आणि त्यांचं राहणं वाळूच्या कणांमध्ये. पाण्यातल्या नमुन्यात ते एक-दोन टक्के दिसतील. वरच्या उदाहरणात पाण्यात २ टक्के धरले तर हार्पॅक्टिकॉइडचा निर्देशांक अधिक ०.८८ येतो. आकडा दणदणीत आहे, पण अर्थ शून्य, कारण पिल्लू जेवलं तळाला आणि आपण मोजलं पाणी. म्हणून पहिलं काम हे करा: तुमच्या ७० टक्क्यांतले कॅलॅनॉइड आणि हार्पॅक्टिकॉइड वेगळे करा. कॅलॅनॉइडचा पुढचा भाग रुंद, मागचा एकदम बारीक आणि पहिल्या स्पर्शिका लांबलचक. हार्पॅक्टिकॉइडच्या स्पर्शिका आखूड, आणि शरीर पुढून मागपर्यंत हळूहळू निमुळतं होत जाणारं. कंबर अशी दिसत नाही. ओइथोनासारखे सायक्लोपॉइड या दोन्हींच्या मधले. स्लाइडवर ग्लिसरीनचा थेंब टाकून शंभरपट मोठं केलं की अर्धवट पचलेल्यांतही हा भेद बहुधा ओळखू येतो.

तळाच्या नमुन्यासाठी ५० मि.लि.च्या सिरिंजचं तोंड कापून टाका, ती ओल्या वाळूत उभी दाबा, दट्ट्या वर ओढा आणि वरचा १ सेंटिमीटरचा थरच घ्या. एका जागी पाच. सिरिंजचा आतला व्यास मोजून ठेवा, क्षेत्रफळासाठी लागतो. नमुना फॉर्मलिनमध्ये रोझ बेंगॉल हा रंग टाकून ठेवला की जीव गुलाबी होतात आणि वाळूतून उठून दिसतात. मग वर ५०० आणि खाली ६३ मायक्रॉनची चाळणी. मुडदुशीचा छेद हा, आणि तुमच्याकडे तो सध्या नाही.

छेदात आणखी एक गोष्ट तपासायची: पिल्लाच्या तोंडात जे मावतच नाही ते 'उपलब्ध' नसतं. तोंडाची फाक मोजायला वरच्या जबड्याची लांबी घ्या. तोंड ९० अंशांत उघडतं असं धरलं तर ती लांबी गुणिले १.४१, आणि ४५ अंश धरले तर गुणिले ०.७७. जबडा १ मिलिमीटरचा असेल तर फाक ०.७७ ते १.४१ मिलिमीटर. प्रत्यक्षात पिल्लं फाकीच्या पाव ते निम्म्या रुंदीचं भक्ष्य पसंत करताना दिसतात, कारण मोठं भक्ष्य सुटतं किंवा गिळायला वेळ खातं. भक्ष्याची लांबी नव्हे, रुंदी मोजायची. ते लांबीच्या बाजूनं गिळलं जातं. फाकीपेक्षा रुंद असलेल्या कोळंबीच्या अळ्या, छोटे जेलीफिश वगैरे छेदातून काढून टाका आणि काढले असं लिहा.

आता आकार. १५ ते ८० मिलिमीटरची पिल्लं एका कोष्टकात घालणं बोयच्या बाबतीत तर पार चुकीचं. बोयची अगदी लहान पिल्लं पाण्यातले कोपेपोड टिपतात. २०-३० मिलिमीटरच्या आसपास ती तळाकडे वळतात आणि पुढं डायटम (सूक्ष्म एकपेशीय शैवाल), कुजकट सेंद्रिय गाळ आणि त्याबरोबर वाळूचे कण पोटात दिसू लागतात. जठराचा मागचा भाग जाड, स्नायूंचा होतो आणि आतडं शरीराच्या मानानं लांबत जातं. या दोन्ही अवस्था एकत्र केल्या की 'सर्वभक्षी' असं उत्तर येतं, जे त्यातल्या एकाही पिल्लाला लागू नसतं. १०-१० मिलिमीटरचे गट पाडा. एखाद्या गटात पाच-सातच पिल्लं उरली तर त्या गटाबद्दल निष्कर्ष काढू नका, नुसती नोंद द्या.

आणि बोय म्हणजे नेमकी कुठली? खाडीत बोयच्या कुळातल्या अनेक जातींची पिल्लं एकत्र फिरतात. त्यांतल्या मुगिल सेफॅलस या जातीला जठराच्या टोकाशी पायलोरिक सीका (बोटांसारख्या बंद नळ्या) दोनच असतात. पोट उघडलेलंच आहे, तर ते मोजून घ्या. शंका उरली तर आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आणि डायटमसाठी आघारकर संशोधन संस्थेत काम चालतं. आधी पत्र लिहून, मोजके आणि नीट लेबल लावलेले नमुने घेऊन जा.

रिकाम्या पोटांबद्दल बोलायचं तर ती टाकून देऊ नका आणि टक्केवारीतही मिसळू नका. 'एकूण इतक्यांपैकी इतकी रिकामी' ही वेगळी ओळ. मग कारण शोधा. नजरेनं शिकार करणारी बहुतेक पिल्लं उजेडात खातात आणि कोकणातल्या कोमट पाण्यात पोट काही तासांत रिकामं होतं. पहाटे पकडलेली असतील तर पोट रिकामं असणं स्वाभाविक. पकडताना आणि हाताळताना पिल्लं खाल्लेलं ओकूनही टाकतात. तारलीसारख्या सरळ आतड्याच्या अळ्यांत तर हे फारच होतं. नमुने कुठल्या जाळ्यातले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डोल किंवा बोकशी या एका जागी बांधून ठेवलेल्या पिशवीजाळ्यांतले असतील तर त्यांवर पसंतीचं गणित करूच नका. ती जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात तासन्‌तास लागलेली असतात. आत अडकलेलं पिल्लू एकीकडे पचवत असतं आणि दुसरीकडे जाळ्यात दाटलेले जीव खात असतं. गणेश पेठेच्या मासळी बाजारातून घेतलेल्या पिल्लांचीही तीच गत; ती कधी, कुठे मेली हेच ठाऊक नसतं. दोघांनी धरून ओढायचं बारीक आसाचं छोटं जाळं, पाच मिनिटांची एक ओढ, हे सगळ्यात बरं.

लगदा होतो तो बहुधा फॉर्मलिन आत उशिरा पोचल्यामुळे. मासा मेला तरी जठरातले पाचक रस काम करतच राहतात. ओढ किनाऱ्याला लागली की पिल्लं लगेच बर्फाच्या पाण्यात बधिर करा. जिवंत पिल्लू सरळ फॉर्मलिनमध्ये टाकणं क्रूर आहे आणि त्यानं ते ओकतंही. हालचाल पूर्ण थांबली की फॉर्मलिनमध्ये. ४० मिलिमीटरपेक्षा मोठ्यांच्या पोटाला आधी बारीक चीर द्या. फॉर्मलिनच्या टक्क्यांचा घोळ नेहमीचाच: बाजारातल्या बाटलीत सुमारे ३७ टक्के फॉर्मल्डिहाइड असतं. त्याचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग म्हणजे १० टक्के फॉर्मलिन, आणि तेच सुमारे ४ टक्के फॉर्मल्डिहाइड. कोणतं लिहिताय ते स्पष्ट करा. बाटलीतल्या फॉर्मलिनमध्ये लिटरला २० ग्रॅम टाकणखार आधीच मिसळून ठेवा, नाहीतर आम्लामुळे शिंपल्यांच्या अळ्यांची कवचं आणि पिल्लांच्या कानातले ओटोलिथ नावाचे खडे विरघळतात. माशांच्या दहापट द्रव हवा. दोन दिवसांनी पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनएवरून भक्ष्य ओळखायचा विचार असेल तर त्या पिल्लांना फॉर्मलिन लावूच नका, थेट ९५ टक्के अल्कोहोल. आणि भरलेली बरणी एसटीत मांडीवर घेऊन घाट चढू नका. दुहेरी झाकण, बाहेरून प्लास्टिकचा डबा, आणि गाडी स्वतःची.

मोजताना तुकडे मोजू नका. कोपेपोडसाठी एकच भाग ठरवा, डोक्याचा किंवा शेपटीकडच्या फाट्यांचा, आणि शेवटपर्यंत तोच धरा. बहुशूक कृमी त्यांच्या केसांवरून आणि जबड्यांवरून कळतात, मासे ओटोलिथ आणि डोळ्याच्या भिंगावरून. जठर तयार झालेलं असेल तर फक्त जठरातलं मोजा, कारण आतड्यापर्यंत कठीण भागच टिकून पोचतात. इथे एक पूर्वग्रह कायमच राहतो: मऊ जीव लवकर विरघळतात, सिलिएट (एकपेशीय सूक्ष्मजीव) तर फॉर्मलिनमध्येही धड टिकत नाहीत, उलट शिंपल्यांच्या अळ्या कधीकधी न पचताच बाहेर पडतात. त्यामुळे पहिल्यांचं प्रमाण कमी दिसतं, दुसऱ्यांचं जास्त.

निर्देशांक कुठला वापरायचा? इव्हलेव्हचा द्या, कारण परीक्षक तो शोधतात, पण सोबत चेसनचा अल्फा हा दुसरा निवड-निर्देशांकही द्या. प्रत्येक भक्ष्यासाठी पोटातलं प्रमाण भागिले बाहेरचं प्रमाण काढायचं, आणि प्रत्येक भागाकाराला सगळ्यांच्या बेरजेनं भागायचं. पाच प्रकार असतील तर १ भागिले ५, म्हणजे ०.२ हा तटस्थ आकडा. त्याच्या वर निवड, खाली टाळणं. आपल्या उदाहरणात ६० मायक्रॉनच्या पाण्यात शिंपल्यांच्या अळ्या ८ आणि इतर १० टक्के धरा. भागाकार येतात: कॅलॅनॉइड १.६, नॉप्लिआय ०.१८, हार्पॅक्टिकॉइड १५, शिंपल्यांच्या अळ्या ०.६३, इतर १.५. हार्पॅक्टिकॉइडचा अल्फा एकटाच ०.७९ खाऊन बसतो आणि कॅलॅनॉइड ०.०८ वर घसरतात. चुकीच्या जागी मोजलेला एक प्रकार सगळं कोष्टक कसं बिघडवतो ते इथे दिसतं. तो प्रकार काढून उरलेल्या चारांवर पुन्हा करा: कॅलॅनॉइड ०.४१, इतर ०.३८, शिंपल्यांच्या अळ्या ०.१६, नॉप्लिआय ०.०५, आणि तटस्थ ०.२५. अल्फाचा फायदा हा, की एखादा प्रकार वगळला तरी उरलेल्यांचं आपसातलं गुणोत्तर हलत नाही.

गणित पिल्लागणिक करा. सगळ्या पोटांतला माल एकत्र ओतला की एकाच खादाड पिल्लाचे दोनशे नॉप्लिआय बाकीच्या वीस पिल्लांना झाकून टाकतात. आणि एका ओढीतली पिल्लं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, एकाच थव्यातून एकाच ताटावर जेवलेली असतात, म्हणून सरासरीची त्रुटी ओढींवरून काढा. बाहेरच्या नमुन्यात तीनशेपैकी दोन-तीनच सापडलेल्या प्रकाराचा निर्देशांक छापू नका. एक कमीजास्त झाला तरी उत्तर उडी मारतं.

निर्देशांक व्यवस्थित आला तरी तो 'आवड' सांगेलच असं नाही. भक्ष्य दिसणं, त्यावर झेपावणं आणि ते हाती लागणं या तीन पायऱ्या आहेत. अकार्शियासारखा कॅलॅनॉइड चाहूल लागताच उसळी मारून निसटतो. पोटात तो कमी असेल तर नावडता असेल किंवा निसटता. अंड्यांची पिशवी वागवणाऱ्या माद्या ठळक दिसतात, म्हणून जास्त खाल्ल्या जातात. पाणी गढूळ असेल तर लहान पिल्लाला स्वतःच्या शरीराएवढ्या अंतरापलीकडचंही धड दिसत नाही. हे वेगळं करायचं तर टाकीत प्रयोग लागतो: दोन प्रकारचं भक्ष्य मोजून टाकायचं, पिल्लं रात्रभर उपाशी ठेवायची आणि अर्ध्या तासात, भक्ष्य फारसं कमी व्हायच्या आत, थांबवायचं. एम.एस्सी.च्या वेळात ते जमलं नाही तरी चालेल. फक्त लिहिताना 'निवड' म्हणा आणि ती पायऱ्यांच्या बेरजेची आहे असं नमूद करा.

गाईड आयआरआय (सापेक्ष महत्त्वाचा निर्देशांक) मागतील. संख्येची आणि आकारमानाची टक्केवारी यांची आधी बेरीज करायची आणि तिला आढळाच्या टक्केवारीनं गुणायचं, असा तो निर्देशांक. जरूर काढा, पण तो आहारातलं महत्त्व सांगतो, पसंती नव्हे. त्याचा छेदाशी संबंधच नाही. तुमच्या आजच्या आकड्यांवर प्रामाणिकपणे उभं राहणारं कोष्टक खरं तर हेच आहे: आकारगटागणिक आयआरआय, रिकाम्या पोटांची ओळ आणि कोपेपोडचे वेगळे केलेले प्रकार. पसंतीच्या कोष्टकासाठी एक फेरी पुन्हा करावी लागेल.

ती फेरी भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंद असताना, ठेवा. उधाणात पाण्याची ओढ जोराची असते, तळ ढवळला जातो आणि हार्पॅक्टिकॉइड पाण्यात तरंगतात, मग तळ आणि पाणी यांचा भेदच पुसतो. कोळ्यांच्या हिशेबात तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते. सकाळी नऊ ते अकरा, उतरत्या पाण्यात, सूर्य चांगला वर आलेला असताना पिल्लं, पाणी आणि वाळू हे तिन्ही एकाच जागी तासाभरात घ्या. जागा कांदळवनाला लागून असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा. महाराष्ट्रातलं सरकारी जमिनीवरचं बरंचसं कांदळवन राखीव वन म्हणून अधिसूचित आहे, आणि कॉलेजचं पत्र तिथे पुरत नाही.